अकोल्याच्या उन्हात घेतलेली गाडी

आंबिया बहाराची संत्री वरुडहून निघाली की ती अमरावतीत पोचायच्या आधी त्यांचा वास पोचतो. आमचं घर बडनेऱ्याच्या रस्त्याला लागून. त्या दिवसांत सकाळी दार उघडलं की वास चपला बाहेर काढून घरात येतो आणि पाटावर बसतो. एका वर्षी तर तो इतका दाट होता, की शेजारच्या काकूंनी त्यात बोट बुडवून चाखून पाहिलं आणि म्हणाल्या, "औंदा आंबट हाय." राजेहो, खोटं वाटत असेल तर काकूंना विचारा. त्या माझ्यापेक्षा कमी खोटं बोलतात.

परवा तसाच वास आला. अंगणात स्वेटर घालून चहा पीत बसलो होतो. रस्त्यानं एक भरलेली गाडी गेली, गचका बसला आणि ताडपत्रीच्या फटीतून एक संत्रं निसटून आमच्या नालीपाशी येऊन थांबलं. एरवी मी धावलो असतो. परवा बसूनच राहिलो. माझी बायको शोभा झाडू घेऊन उभी होती. तिनं संत्र्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि संत्र्याला वळसा घालून पुढचं अंगण झाडलं.

आम्हा दोघांनाही तोच बहार आठवला होता. ज्या बहारात मी मालक होतो.

धंद्यानं मी ड्रायव्हर. मिसरूड फुटलं तेव्हापासून दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या, आणि त्यातला मोठा काळ बबनशेठच्या. माणूस वाईट नाही. पण दुसऱ्याच्या गाडीत बसणं म्हणजे सासरी झोपण्यासारखं असतं. गादी मऊ असते, झोप मात्र एका कुशीवरची. ओरखडा पडला तर तो ड्रायव्हरचा, गाडी चमकली तर ती शेठची. हायवेवर कोणी हात केला तर तो गाडीला केलेला असतो. एकदा वाटलं, हात मलाही करावा कोणीतरी. बस्स, तिथून सगळं सुरू झालं. पैसे कसे जमवले ते विचारू नका. तो विषय निघाला की शोभा उठून आत जाते आणि भांडी घासायला काढते, घासलेलीसुद्धा.

गाडी अकोल्याला होती. आणि मी ती पाहायला गेलो मे महिन्यात.

अकोल्याचा मे ज्यानं पाहिला नाही त्याला तो सांगून उपयोग नाही, तरी सांगतो. मी या डोळ्यांनी पाहिलं आहे: एक म्हातारा भर दुपारी रस्त्यानं चालला होता आणि त्याची सावली मागं निंबाखाली बसून राहिली होती. तो हाका मारत होता, ती यायला तयार नव्हती. अशा उन्हात, गावाबाहेरच्या एका मोकळ्या जागेत ती दहा चाकी उभी होती. रंग कधीकाळी केशरी असावा. हौद्याच्या फळ्या पार काळ्या पडलेल्या. दरवाजा उघडला की तो बराच वेळ काहीतरी बोलत राहायचा. मालक नामदेवराव, हडकुळा, सौम्य माणूस. त्यांनी चावी माझ्या हातावर ठेवली.

"तुमीच लावून पाहा ना भाऊ. मी हातही लावत नाही."

मी सेल्फ मारला. मारला कसला, नुसतं बोट नेलं. गाडी अशी सुरू झाली, जणू दाराआड उभी राहून हाक कधी येते याचीच वाट पाहत होती. बंद केली, पुन्हा लावली. पुन्हा तसंच. दुसऱ्या दिवशी सोबत मिस्त्री नेला, तिसऱ्या खेपेला मेव्हणा नेला. एका बोटानं, दर वेळी.

"उन्हाळाभर एकदा दगा दिला नाही हिनं," नामदेवराव म्हणाले. आता वाटतं, त्या माणसानं आपल्या परीनं सगळं सांगितलं होतं.

पण आम्ही वऱ्हाडातली माणसं. उन्हात इतकी भाजून निघालेली, की उन्हाळा हाच आमचा खरा घरमालक आणि बाकीचे ऋतू भाडेकरू. उन्हात जे टिकलं ते कुठंही टिकतं, अशी आमची समजूत. म्हैस घ्यायची, कूलर घ्यायचा, जावई पाहायचा, सगळं मे महिन्यात आणि भर दुपारी. पोरगा वरातीत चक्कर येऊन पडला नाही म्हणजे संसार करील. त्याच मापानं मी गाडी मापली. हे आमच्या मिस्त्रीला कळलं नाही, मेव्हण्याला कळलं नाही, उभ्या अकोल्यात कोणालाही कळलं नाही, की अकोल्याच्या मे महिन्यात इंजिन सुरू होण्यात इंजिनचं काहीच कर्तृत्व नसतं. त्या उन्हात पाट्यावरचा वरवंटासुद्धा सेल्फ मारला तर सुरू झाला असता.

घरी आणली तेव्हा गल्ली लोटली. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. शोभाला हात देऊन केबिनमध्ये चढवलं. इतकी वर्षं ड्रायव्हरची बायको, पण ट्रकच्या सीटवर पहिल्यांदा बसत होती. पदर सावरून तिनं काचेतून गल्ली पाहिली, आमचं घर पाहिलं, घरावरची टाकी पाहिली.

"बाप्पा! एवढ्या वरून जग पाह्यता होय तुमी?"

"मंग!"

"मंग घरी आल्यावर खालच्या आवाजात बोलाले काय होते? सारं तं खालीच दिसते."

गल्ली हसली. मीही हसलो. त्या दिवशी मला कोणी काहीही बोललं असतं तरी मी हसलोच असतो.

बबनशेठकडं चावी परत करायला गेलो ते छाती काढून. त्यांच्या ऑफिसात चार माणसं बसलेली पाहिली आणि माझ्या जिभेला चढ आला. म्हटलं, "शेठ, आता रस्त्यात भेटू. मी हॉर्न दिला की बाजूले होत जा." बबनशेठ पान चावत होते. चावायचं थांबले, माझ्याकडं पाहिलं, आणि मान हलवून म्हणाले, "होईन ना गजा. काहून नाही होनार." एवढंच. आवाजात रागही नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

पावसाळा विटा, सिमेंट, सरकीची पोती यांवर निघाला. गाडी कधीमधी खोकायची. मी म्हणायचो, हवा बदलली की होतंच. मग दिवाळी झाली आणि थंडीची पहिली सकाळ आली. मी चावी फिरवली. आतून असा आवाज आला, जणू साखरझोपेतल्या सासऱ्याला कोणी उसने पैसे मागितले आहेत. खुर्र... खुर्र... आणि मग एक लांबच लांब उसासा.

जुनं डिझेल इंजिन म्हणजे म्हाताऱ्याचे गुडघे. उन्हात चालतात. थंडीत उठायचं म्हटलं की सगळे देव आठवतात. मग आमच्या घरात एक नवा दिनक्रम सुरू झाला. शोभा सकाळी हंडाभर पाणी उकळायची आणि ते माझ्या आंघोळीला न देता रेडिएटरला द्यायची. मी इंजिनखाली तरटाच्या चिंध्या पेटवून त्याचं पोट शेकायचो. काकू भिंतीवरून विचारायच्या, "आज कसं हाय त्याईचं?" आजारी माणसाची चौकशी करावी तसं. मी सांगायचो, रात्रभर कण्हत होती, आता जरा डोळा लागला आहे.

आजही थंडीत जाग आली की मी काही क्षण कान देऊन पडून राहतो. कशासाठी ते माझं मलाही कळत नाही. तेव्हा चावी फिरवल्यावर, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसलेला माणूस जसा ऐकतो, तसा मी ऐकायचो. माणूस आयुष्यात खूप गोष्टींपुढं हतबल होतो, पण लोखंडापुढं हतबल होणं वेगळं. लोखंडाला दया येत नाही, ठीक आहे. पण त्याला रागही येत नाही. तुम्ही शिव्या द्या, पाया पडा, उदबत्ती लावा, ते आपलं गार.

रोज दळणं दळून सेल्फ जळाला. बांधून आणला, पुन्हा जळाला. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, दोष सेल्फचा नाही. इंजिन खोला लागते." इंजिन खोलायचं म्हणजे बहार संपेपर्यंत गाडी ठोकळ्यांवर. ते शक्य नव्हतं. मग एकच मार्ग उरला. गाडी उतारावर उभी करायची, सकाळी ब्रेक सोडायचा, तिच्या वजनानं ती घरंगळली की गिअर टाकून क्लच सोडायचा. दचकून जागी व्हायची.

आता उतार आणायचा कुठून? अमरावतीपासून अकोल्यापर्यंतची आमची जमीन लाटण्यानं लाटलेली. काळी, सपाट, सुपीक. पिढ्यान्‌पिढ्या लोक या जमिनीवर खूश होते, कारण तिच्यावरून पाणी वाहून जात नाही. मी एकटाच तिच्यावर चिडलेलो, कारण तिच्यावरून गाडी वाहून जात नाही. मला त्या पट्ट्यातला प्रत्येक उतार पाठ झाला. कुठला रेल्वेचा पूल, कुठला कापसाच्या जिनिंगसमोरचा उंचवटा, कुठल्या पेट्रोलपंपाचा बाहेर पडायचा रस्ता. बडनेऱ्याच्या पुलाच्या पोटाशी एक जागा होती, तिथं मी गाडी लावायचो आणि घरी चालत यायचो. देवळात जाताना माणूस जसा आधी चपलांची जागा पाहतो, तसा मी कुठंही जाताना आधी उतार पाहायचो. लग्नाचं आमंत्रण आलं तरी विचारायचो, मंगल कार्यालय उंचावर आहे का.

आणि एकदा सुरू झाली की बंद करायची नाही. चहा प्यायला थांबलो तरी इंजिन चालू. माल उतरवताना चालू.

इतकं होऊनही आशा सुटत नव्हती, कारण बहार समोर होता. संत्र्याची एक खेप वेळेवर पोचवली की व्यापारी तुम्हाला ओळखतो, दुसरी देतो, आणि बहारभर गाडीला उसंत मिळत नाही. त्यावर वर्ष निघतं, थंडी सरल्यावर इंजिनही खोलता येतं. तीच खेप रस्त्यात अडली, तर ती बातमी संत्र्याच्या वासापेक्षा जोरात पसरते. मग ती गाडी विटामातीची. विटामातीवर म्हातारी गाडी जगत नाही. म्हणजे पुन्हा बबनशेठच्या दारात, पुन्हा त्यांची चावी. त्या एका खेपेवर मी मालक राहणार की नाही, ते ठरणार होतं.

वरुडच्या राजाभाऊंनी माझ्या गाडीभोवती फेरी मारली. टायरला लाथ मारली. दरवाजाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"गजाभाऊ, संत्रं काही सिमेंट नाही. वाटेत थांबलं की त्याले ताप भरते. हैदराबादले पोचेलोक थांबाचं काम नाही. ही तुमची... ही पोचीन का?"

"राजाभाऊ," मी म्हणालो, "माही गाडी एकदा निघाली की कोनाच्या बापाले थांबवता येत नाही."

या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी खोटं बोलतो तेव्हा कोणी फसत नाही. त्या दिवशी खरं बोललो आणि राजाभाऊंनी माल दिला.

वरुडची ती सकाळ अजून माझ्या नाकात आहे. सातपुड्याकडून आलेली हवा, बगीच्यातली ओली माती, पानांवरून टपटपणारं दव, आणि झाडांखाली बसून संत्री निवडणाऱ्या बायांचं बोलणं. एक संत्रं दुसऱ्यापासून वेगळं काढताना त्या त्याच्याकडं पाहतही नाहीत, बोटांनाच कळतं. क्रेट भरत गेले तसा हौदा उजळत गेला. इतके दिवस त्या काळ्या फळ्यांनी विटा आणि पोतीच पाहिलेली. मला वाटलं, म्हातारीला कोणी हळद लावतंय. वरुडात उतार फुकट मिळतो. गाडी तोंड खाली करूनच लावली होती. ब्रेक सोडला, घरंगळली, दचकली, सुरू झाली. बाया म्हणाल्या, "सांभाळून जा दादा." मी हॉर्न दिला. वाजला. तो कधीकधीच वाजायचा, त्यामुळं मला तो शकुन वाटला.

मोर्शी मागं पडलं, अमरावती आली. घरावरून जाताना थांबायची सोय नव्हती. शोभा रस्त्याकडेला डबा घेऊन उभी होती. मी वेग कमी केला, ती बाजूनं धावली आणि डबा खिडकीतून वर दिला. लग्न झालं तेव्हापासून ती माझ्यामागं कधी एवढी धावली नव्हती. "खाऊन घेजा!" ती ओरडली. मी गाणं म्हणत बडनेऱ्याच्या बाहेर पडलो. माझ्या मागं सबंध बगीचा चालला होता आणि त्याचा मालक नसलो तरी त्याच्या खालच्या चाकांचा मालक मी होतो.

मूर्तिजापूरच्या अलीकडं एका गावापाशी रस्त्याचं काम चालू होतं. एकच बाजू सुरू, आणि पुढं सगळं थांबलेलं. पाहिलं तर एक मयत रस्ता ओलांडत होती. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पांढऱ्या साड्यांतल्या बाया, खांद्यावर फुलांनी झाकलेली मयत. त्यांचे ओठ हलत होते. त्रिशरण म्हणत असावेत. असावेत म्हणतो, कारण मला काही ऐकू येत नव्हतं. माझं इंजिन असं ओरडायचं, की केबिनमध्ये मी टाळी वाजवली तर ती मला फक्त दिसायची. आणि काळा धूर. वारा त्यांच्या बाजूचा होता. तो धूर जाऊन फुलांवर बसत होता.

माझे वडील बैलगाडी हाकायचे. त्यांनी मला शिकवलेल्या गोष्टी मी बहुतेक विसरलो. एक राहिली. वाटेत मयत आली की ते गाडी थांबवायचे, खाली उतरायचे, डोक्याचं मुंडासं काढायचे आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटा दोन्ही मुठींत धरून उभे राहायचे. बैलांना काय कळतं, ते मान हलवणार, घंटा वाजणार. म्हणून मुठीत. मयत पार दिसेनाशी होईपर्यंत ते सोडायचे नाहीत.

पुढं मागं सपाट जमीन होती. दूरवर तुरीची शेतं, एक चढ नाही, एक उंचवटा नाही. मला सगळं कळत होतं. हात जोडून सीटवर बसून राहिलो असतो तरी कोणी काही म्हटलं नसतं. आजूबाजूच्या गाड्या चालूच होत्या. पण त्यांचा आवाज म्हणजे मांजर, माझा म्हणजे जिनिंग. मी इंजिन बंद करायचा खटका ओढला आणि खाली उतरलो.

मग त्रिशरण ऐकू आलं. हळू, एकसारखं. एका बाईचा आवाज मधेच फाटत होता. त्या बाईनं मान वळवून माझ्या गाडीकडं पाहिलं. मी हात जोडून उभा होतो. डोळ्यांत पाणी होतं. खोटं कशाला सांगू, ते अर्धं त्या माणसांसाठी होतं, अर्धं गाडीसाठी. त्या रस्त्यावर तेव्हा दोन मयती होत्या, एवढंच की दुसरीची कोणाला कल्पना नव्हती.

रस्ता मोकळा झाला. मागच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले, मला वळसे घालून शिव्या देत निघून गेल्या. सेल्फ मेलेला होता हे माहीत असूनही मी सेल्फ मारला. माणूस मारतो. एका राजस्थानी गाडीवाल्याला दया आली. त्यानं साखळी काढली, माझ्या बंपरच्या हुकाला अडकवली, टोचन करून ओढायचं ठरलं. "आप बस गिअर डालो और क्लच छोडो," असं म्हणून त्यानं एक्सिलेटर दाबला. हुक निघाला. हुकाबरोबर बंपर निघाला. तो गडी माझा बंपर घेऊन खडखडत बराच लांब गेला, त्याला वाटलं गाडी येते आहे मागं. मी सीटवर बसून त्याला टाटा केल्यासारखे हात हलवत होतो. परत येऊन त्यानं बंपर माझ्या पायाशी ठेवला, हळूच, उगाच आवाज होऊ न देता, आणि माफी मागितली. त्याचा काय दोष होता!

दुपार चढली. डिसेंबरची असली तरी आमच्याकडची दुपार. मी ताडपत्रीखाली हात घालून पाहिला. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. आत ऊब होती. थोड्या वेळानं पुन्हा घातला. ऊब वाढली होती. वासही बदलत होता, सकाळचा तो उघडा, ओला वास जाऊन त्यात काहीतरी गोडसर, जड आलं होतं. ताडपत्री सैल केली, हवा लागू दिली. याहून जास्त मला काही करता येत नव्हतं. माझ्या हातांना इतकं रिकामं मी कधी पाहिलं नाही.

स्मशानातून माणसं परतली. अंघोळी करून, ओल्या केसांनी. त्यांतला एक जण माझ्याकडं आला. सिद्धार्थ नाव, एसटीत कंडक्टर. गेली ती त्याची आई.

"काका, तुमी तवापासून अठीच? आमच्यापायी झालं का हे?"

"छे छे," मी म्हणालो. "हिची ही ठरलेली जागा हाय. अठी आली की बसतेच. लय जुनी खोड."

"पन आमी आलो तवा तं चालू होती."

"बसाच्या आधी ती अशीच ओरडते."

तो कंडक्टर होता. फुकट प्रवास करणारे त्यानं आयुष्यभर पाहिलेले. त्याला खरं काय ते कळलंच असणार. तो गाडीच्या टायरवर हात ठेवून म्हणाला, "माय आमची बाजाराच्या दिवशी या रस्त्यावर उभी राहे. डोक्यावर टोपली. रस्ता वलांडाले तिले कोनी वाट देत नव्हतं. लय येळ उभी राहे बिचारी. आज थांबलं कोनीतरी."

  मी वाकून बंपरवरची धूळ पुसायला लागलो.

राजाभाऊंना फोन केला. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "उन्हं कलेपर्यंत पाह्यतो गजाभाऊ. मंग पलटी करा लागते." पलटी म्हणजे एका गाडीतला माल दुसऱ्या गाडीत. माल ज्याच्या गाडीत, भाडं त्याचं, नाव त्याचं, पुढचा बहारही त्याचा. उन्हं कलली आणि दुसरी गाडी आली. लांबूनच तिचा रंग मी ओळखला. त्या रंगाच्या गाड्या मी उभ्या जन्मात धुतल्या होत्या. बबनशेठ स्वतः चालवत आले होते.

मी रस्त्याच्या कडेला सरकून उभा राहिलो. त्यांनी हॉर्न दिला नाही.

उतरले, कंबर धरली, माझी गाडी पाहिली, जमिनीवरचा बंपर पाहिला. मी वाट पाहत होतो. एखादा टोमणा, नुसतं हसणं, काहीही. त्यांनी पानाची पुडी काढून माझ्यापुढं केली.

"खा. सकाळपासून काही खाल्लं नसशीन."

पलटी सुरू झाली. हमाल आणायला गावात कोणाला पाठवावं म्हणत होतो, तर सिद्धार्थच्या घरची, वस्तीतली माणसं आपणहून आली. दोन्ही गाड्या पाठीला पाठ लावल्या आणि क्रेट हातोहात जाऊ लागले. दुखवट्याचं घर, कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. माझा हौदा एका टोकाकडून काळा होत गेला आणि समोरचा उजळत गेला. मीही क्रेट देत होतो. आपल्याच घरातून सामान काढून देताना माणूस जसा मधेमधे विचारतो, "हे नीट धरा हं," तसं मी विचारत होतो.

शोभा एसटीनं आली. मी फोनवर फक्त गाडी बसली एवढंच सांगितलं होतं. तिनं बंपर पाहिला, रिकामा हौदा पाहिला, बबनशेठला पाहून पदर डोक्यावर घेतला. 

बबनशेठ माझ्याजवळ आले. खालच्या आवाजात म्हणाले, "गजा, माह्या ड्रायव्हरच्या घरी पोरगी झाली, तो गेला गावाले. मी अठीलोक आलो तं कंबर गेली. हैदराबादलोक माह्यानं जमत नाही. माल तुह्या शब्दावर निघाला हाय. तूच ने."

त्यांनी चावी पुढं केली. हुकूम असता तर मी नाही म्हटलं असतं. ती विनंती होती, आणि राजाभाऊंना दिलेला शब्दही माझाच होता. मी शोभाकडं पाहिलं.

"जा," ती म्हणाली. "मी बसतो गाडीत. आपली गाडी रस्त्यावर एकटी काहून ठेवाची?"

आता तुम्ही विचाराल, ती गाडी कुठं आहे. आहे. काकूंच्या भिंतीला लागून उभी आहे. मार्च लागला, ऊन चढलं की ती एका बोटानं सुरू होते, आणि दिवाळीपर्यंत मी मालक असतो. विटा नेतो, सिमेंट नेतो, लोक हात करतात, मी हॉर्न देतो. थंडी पडली की बबनशेठचा फोन येतो. इंजिन खोलायचं दर वर्षी ठरतं. भंगारवालाही दर वर्षी येतो, चहा पिऊन जातो. ऋतूप्रमाणं पक्षी गाव बदलतात, मी जात बदलतो, मालकाची आणि ड्रायव्हरची. त्याची सवय झाली आहे. सवय होत नाही ती फक्त त्या संध्याकाळची. संत्र्याचा वास आला की ती आपोआप येऊन उभी राहते, तिला कुठला उतार लागत नाही.

मी शेठच्या गाडीत चढलो. सीट मऊ होती. काच स्वच्छ होती. शोभा खाली, दाराशी उभी होती, वर माझ्याकडं पाहत. मागं आमची गाडी, तिच्या पलीकडं सूर्य टेकलेला. गार वारा सुटला होता. त्या थंडीत चावी फिरवायची म्हणून माझे खांदे आपोआप ताठ झाले, दात आवळले गेले. खाली शोभानंही श्वास रोखून धरलेला दिसला. मी चावी फिरवली.

गाडी एका झटक्यात सुरू झाली. गुळगुळीत, गोल आवाज, कुठं कचरा नाही.

"झाली! झाली जी!" शोभा ओरडली आणि तिनं टाळी वाजवली. मी खिडकीतून वाकून तिच्याकडं पाहून हसलो, पोरासारखा, सगळे दात दिसतील असा. किती दिवसांत आम्ही एकमेकांकडं पाहून असे हसलो नव्हतो.

मग आम्हा दोघांनाही एकदमच आठवलं, कोणाची झाली ते.

तिचे हात टाळीतून सुटलेच नाहीत, तसेच जुळून राहिले. मला हसू आवरता येईना आणि तोंड मिटायलाही जमेना.

"हळू जाजा," ती म्हणाली.

मी गिअर टाकला.